वृद्धाश्रमातल्या मावशी-मामांचं (आणि व्यवस्थापकांचंही) प्रशिक्षण: काय करावं?

मंजिरी_वाई
नमस्कार मंडळी. वाईजवळच्या एका ट्रस्टच्या वृद्धाश्रमाचं व्यवस्थापन दिवाळीपासून माझ्याकडे आलंय. त्याआधी बँकेत होते, त्यामुळे हिशेब, रजा, पगारपत्रक यांत अडचण नाही. आजी-आजोबा साठच्या आसपास. त्यातले निम्मे तरी आता अंथरुणाला खिळलेले किंवा व्हीलचेअरवर आहेत. आश्रम सुरू झाला तेव्हा म्हणे सगळे हिंडते-फिरते होते, सकाळी भजन आणि संध्याकाळी पत्ते. आता दहा-दहा जणांना भरवावं लागतं, तिघांना नाकातून नळी आहे. पण काम करायला माणसं घेताना आमची अट अजून तीच: 'स्वभावाने गरीब, जवळच्या गावातली, झाडलोट येणारी.'

एका देणगीदाराने खास स्टाफच्या प्रशिक्षणासाठी रक्कम दिली आहे. विश्वस्तांच्या बैठकीत जवळजवळ ठरलंय ते असं: एक दिवसाचं शिबिर, बाहेरचे वक्ते, विषय 'सेवा हीच ईश्वरसेवा', दुपारी मसालेभात-जिलबी, शेवटी प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटो. जिलबीला माझी हरकत नाही. पण परवा एका आजोबांच्या माकडहाडावर बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) निघाला. मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "रोज पावडर लावतोय की ओ मॅडम." त्या खोटं बोलत नव्हत्या. पावडरीचा डबा रिकामा होता.

पुढच्या बैठकीआधी मला दुसरं काहीतरी मांडायचंय. काय शिकवावं, कोणी शिकवावं, कधी? आणि बँकेतून आलेल्या माझ्यासारखीने स्वतः काय शिकावं?

शनवारातला
शिबिराचा फोटो पेपरात येतो. आजोबांची कूस बदलल्याचा येत नाही. विश्वस्तांना समजून घ्या.

हॅमिल्टनची_सिस्टर
मंजिरीताई, मी मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं. आता न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला एका रेस्ट होमची (इथला वृद्धाश्रम) क्लिनिकल मॅनेजर आहे. इथलं सगळं तिकडे लागू होणार नाही, पण एक गोष्ट आधी सांगते, कारण ती पैशाची आहे.

इथेही केअरगिव्हर म्हणजे बहुतेक बायकाच, आणि पगार किमान वेतनाला चिकटलेला. क्रिस्टिन बार्टलेट या केअरगिव्हरने २०१२ मध्ये दावा लावला की हे काम बायकांचं समजलं जातं म्हणूनच पगार कमी आहे. बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१७ मध्ये सरकारला कायदा करावा लागला. सुमारे ५५ हजार जणांचे पगार वाढले. सुरुवात तासाला १९ डॉलरपासून, आणि पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने वरची श्रेणी २७ डॉलर. तुमच्या कामाचा भाग पुढचा आहे. ही श्रेणी शिक्षणाच्या लेव्हलला, म्हणजे या कामाच्या प्रमाणपत्रांच्या चढत्या पायऱ्यांना, बांधली होती. रुजू झाल्यापासून १२ महिन्यांत लेव्हल २, तीन वर्षांत लेव्हल ३, सहा वर्षांत लेव्हल ४ गाठता यावी म्हणून शक्य ते सगळं मालकाने करायचं, असं कायद्यातच लिहिलेलं. शिकलं की पगार वाढतो हे कळल्यावर पन्नाशीच्या बायका नाईट संपवून असाइनमेंट लिहायला बसायला लागल्या. आमच्याकडे फिजीच्या, फिलिपिन्सच्या, केरळच्या, पंजाबच्या आहेत. 'शिकायची इच्छाच नसते यांना' हे वाक्य त्यानंतर फारसं ऐकू आलं नाही.

सगळं गोडगोड झालं असंही नाही. काही मालकांनी लेव्हल ४ वाल्या महाग पडतात म्हणून त्यांचे तास कापले. २०२५ च्या मे महिन्यात तर सरकारने कायदाच बदलून समान वेतनाचे चालू असलेले ३३ दावे रद्द केले, त्यात आमच्या क्षेत्राचाही होता. इथेही लढाई चालूच आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. इथे सरकारशी असलेल्या करारात व्यवस्थापकालाही सोडलेलं नाही. वृद्ध-निवास चालवण्याशी संबंधित असं वर्षाला निदान आठ तासांचं प्रशिक्षण मॅनेजरने घ्यायचं, आणि ऑडिटर ते तपासतो. आठ तास म्हणजे काही फार नाही. पण मॅनेजरच वर्गात बसलेला दिसला की खालच्यांचा सूर बदलतो.

काटेकोर
पुण्याच्या वेशीवर माझं २५ खाटांचं खाजगी केंद्र आहे. कटू बोलतो, राग मानू नका.

न्यूझीलंडात सरकार पैसे देतं. इथे आजोबांचा मुलगा देतो, आणि दरवर्षी पाचशे रुपये वाढवले तरी भांडतो. मी मुली घेतल्या, राईल्स ट्यूबमधून (नाकातल्या नळीतून) फीड द्यायला शिकवलं, इन्सुलिन पेन शिकवलं, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) काळजी शिकवली. शिकल्या आणि ब्युरोत गेल्या. ब्युरो त्यांना घरी पेशंट सांभाळायला पाठवतो, एकच पेशंट, वर जेवण, टीव्ही. माझ्याकडे दोघींत बारा पेशंट. त्यांच्या जागी मीही गेलो असतो. मग मी शिकवणं बंद केलं. आता एक जीएनएम सिस्टर दिवसा, एक एएनएम (जीएनएमपेक्षा छोटा नर्सिंग कोर्स केलेली) रात्री. बाकीच्यांनी सांगितलेलं करायचं.

नाईटवाला_मामा
काटेकोर सर, मी तुमच्यासारख्याच ठिकाणी काम करतो, म्हणून लिहितो. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

माझा जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स झालाय. कोर्समध्ये बेड कसा लावायचा, बेडपॅन कसा द्यायचा, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) कसा लिहायचा, सगळं होतं. प्रॅक्टिकल बाहुल्यावर. बाहुला चावत नाही, बाहुला रात्री दोनला उठून 'मला घरी जायचंय, दुकान उघडायचंय' म्हणत नाही. ते सगळं मला जुन्या मावशीने शिकवलं, जिच्याकडे कसलं सर्टिफिकेट नाही आणि पगार माझ्यापेक्षा कमी.

पोरं सोडून का जातात ते सांगतो. पाचशे-हजारासाठी जातात हे खरं आहे. पण आमच्याकडे ट्रेनिंग ठेवतात ते बारा तासांची पाळी संपल्यावर. नाईट करून सकाळी आठला सुटायचं आणि साडेनऊपर्यंत खुर्चीत बसायचं. तोवर गावाकडची जीप निघून जाते. त्या वेळेचे पैसे नाहीत. आणि वर सर म्हणतात, 'झोपा काढतात.' आमच्या कामाच्या तासात शिकवा, नाहीतर त्या तासाचे पैसे द्या. एवढं केलं तरी निम्मे थांबतील.

हॅमिल्टनची_सिस्टर
मामांना शंभर टक्के अनुमोदन. इथल्या संशोधकांनी काय लिहिलंय ते राहू द्या, मी माझ्या फ्लोअरवर पाहिलेलं लिहिते. सर्वांत कमी उपयोगाचं प्रशिक्षण म्हणजे ऑनलाइन मॉड्यूल. आग, संसर्ग, हक्क, तक्रारी, प्रत्येकाचं एकेक. लोक चहा पीत 'नेक्स्ट नेक्स्ट' करतात, शेवटच्या पाच प्रश्नांची उत्तरं एकमेकींना सांगतात, प्रमाणपत्र छापून फाईलला. ऑडिटर खूश. फ्लोअरवर काडीचा फरक नाही.

सर्वांत उपयोगी म्हणजे पाळी बदलताना हँडओव्हरनंतरची (पेशंटची माहिती पुढच्या पाळीला दिल्यानंतरची) दहा-पंधरा मिनिटं, एकच विषय, आणि तोही कालच घडलेला. काल आजी पडल्या ना, मग आज पडलेल्या माणसाला लगेच उचलायचं नाही ते शिकायचं. आधी बोलायचं, डोकं-मान-कंबर कुठे दुखतंय विचारायचं, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय का बघायचं, आणि सिस्टर येईपर्यंत पांघरूण घालून तिथेच ठेवायचं. दोन्ही पाळ्यांची माणसं हजर असतात, वेळ पगारातली असते.

फिजिओ_कोल्हापूर
सगळं वाचलं. मला एकच विषय येतो, तो लिहितो: उचलणं.

दोन मावशी दोन बाजूंनी आजोबांच्या बगलेत हात घालतात, 'हं, उठा बाबा' म्हणतात आणि ओढतात. हे दृश्य मी प्रत्येक वृद्धाश्रमात बघतो. लकवा झालेल्या बाजूचा खांदा आधीच सैल असतो. दहा वेळा असं उचललं की तो सांध्यातून खाली उतरतो. मग आजोबा कपडे घालताना ओरडतात, मग ते 'त्रास देणारे पेशंट' ठरतात. आणि मावशींची कंबर जाते ती वेगळीच. त्या बाम लावतात, मग एक दिवस येतच नाहीत. मी बघितलेल्या गळतीतला बराचसा भाग कंबरदुखीचा आहे, काटेकोर साहेब, ब्युरोचा नाही.

बरोबर पद्धत सांगतो. व्हीलचेअर पलंगाला तिरकी लावा, माणसाच्या धडधाकट बाजूला. ब्रेक दोन्ही. पायठेवणी वर दुमडलेली. माणसाला पलंगाच्या कडेपर्यंत पुढे सरकवा, तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघ्यांच्या थोडे मागे. तुमचा गुडघा त्याच्या कमजोर गुडघ्यासमोर अडसरासारखा. हात बगलेत नाही, कमरेच्या पट्ट्याला. ट्रान्सफर बेल्ट बाजारात मिळतो. नाहीच मिळाला तर शिंप्याकडून जाड सुती पट्टा शिवून घ्या, दोन बाजूंना मुठी. मग माणसाला पुढे वाकायला सांगा, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत. वजन आपोआप पायांवर येतं आणि बूड उचललं जातं. तुम्ही उचलायचं नसतं, फक्त वळवायचं असतं.

हे व्याख्यानातून शिकवता येत नाही. आणि मंजिरीताई, तुमच्यासाठी गृहपाठ: प्रात्यक्षिकात पेशंट तुम्ही व्हा. आधी जुन्या पद्धतीने उचलून घ्या, मग नवीन. बँकेतल्या सगळ्या ट्रेनिंगपेक्षा हे लक्षात राहील. विश्वस्त आले तर त्यांनाही बसवा, वजनदार असतील तर उत्तमच.

शनवारातला
शेवटच्या वाक्यासाठी फिजिओसाहेबांना आमच्याकडून जिलबी.

पॅलिएटिव्ह_नर्स
बेडसोरचं लिहिते, कारण धागा तिथूनच सुरू झालाय.

पावडर बंद करा. घामाबरोबर तिचे खडे होतात आणि ते कातडीला घासतात. लाल झालेल्या जागी चोळून मालिश करणंही बंद, आत आधीच रक्तपुरवठा कमी झालेला असतो. रबरी रिंगवर बसवणं बंद, रिंगच्या कडेने उलट दाब पडतो. मावशी हे सगळं मायेने करतात, म्हणून 'चुकलं' असं न म्हणता कारण सांगावं लागतं.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, एअर बेड असला तरी. पूर्ण कुशीवर नाही, पाठीला उशी लावून तीस अंश तिरकं. एकदम कुशीवर झोपवलं की खुब्याचं हाड टेकतं आणि तिथे जखम होते. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवायच्या. आणि पुस्तकात लिहिलेलं असतं की लाल डाग बघा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही पुष्कळदा. हाताची पालथी बाजू लावून बघायचं, शेजारच्या कातडीपेक्षा गरम लागतंय का, कडक किंवा पिचपिचीत लागतंय का. मावशींच्या हाताला हे एकदा कळलं की त्या माझ्याही आधी ओळखतात.

बेडजवळ घड्याळाचं चित्र लावा: आठ वाजता डावी, दहाला पाठ, बाराला उजवी. लिहिता-वाचता न येणाऱ्या मावशींनाही चालतं. ओला डायपर किती वेळ राहतो हेही बघा, अर्धी लढाई तिथे आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअरचं (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं) केंद्र आहे, तिथे प्रशिक्षणही चालतं, वाईहून फार लांब नाही. तुमच्या एखाद्या हुशार मावशीला तिथे पाठवता आलं तर विचारून बघा. एकीला पाठवा आणि तिला बाकीच्यांना शिकवू द्या.

डॉक्टर_खेडेगाव
आठवड्यातून एकदा दोन वृद्धाश्रमांत राउंडला जातो. मावशींना औषधशास्त्र शिकवायची गरज नाही. मला त्यांच्याकडून फक्त 'आज वेगळं वाटतंय' एवढंच वेळेवर कळायला हवं असतं.

म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं तर ताप येईलच असं नाही. काल नीट बोलणारी आजी आज असंबद्ध बोलते, नाहीतर सारखी झोपते. घरचे आणि स्टाफ म्हणतात, 'वयच झालंय आता.' दोन दिवसांनी मला फोन येतो तेव्हा बीपी खाली गेलेलं असतं. एका दिवसात डोकं फिरलं तर ते वय नव्हे, आजार आहे. मला एकच वाक्य शिकवायला दिलं तर मी हे देईन.

दुसरं, एकादशी. हसू नका. आषाढीला आश्रमातले निम्मे लोक उपास करतात, आणि सकाळची शुगरची गोळी मात्र ठरल्याप्रमाणे दिली जाते. ग्लायमेपिराइडसारखी गोळी पोटात आणि खायला दोन चमचे वरीचे तांदूळ. दुपारी आजोबा घामाघूम, बरळतायत. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आलं आणि शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरला आदल्या दिवशी विचारायचं, हे मॅनेजरच्या कॅलेंडरवर हवं. मावशींवर टाकायचं काम नाही ते.

आणि गोळ्या कुटून देताना थांबा. मेटफॉर्मिनच्या एसआर गोळीसारख्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या खलबत्त्यात घालू नयेत. पाकिटावर एसआर, एक्सआर, ईआर असं काही दिसलं की आधी विचारा.

हॅमिल्टनची_सिस्टर
डॉक्टर, तुम्ही म्हणताय त्यासाठी इथे एक कार्ड वापरतात, 'स्टॉप अँड वॉच'. मूळचं अमेरिकेतलं. नेहमीपेक्षा वेगळे वाटतात, कमी बोलतात, कमी खाल्लं, जास्त दमले, अशा बारीक गोष्टींवर केअरगिव्हरने खूण करायची आणि सिस्टरच्या हातात द्यायचं. स्वयंपाकघरातला माणूस किंवा झाडणारी बाईसुद्धा देऊ शकते. खरी मेख पुढे आहे: कार्ड मिळालं की सिस्टरने काय केलं ते परत जाऊन सांगायचं. 'तू सांगितलंस म्हणून लघवी तपासली, इन्फेक्शन निघालं.' ज्या फ्लोअरवर हे परत सांगणं होत नाही तिथे महिनाभरात कार्डं येणं बंद होतं.

लोकल_प्रवासी
मी नातेवाईक. आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, ठाण्याजवळच्या एका केंद्रात आहे. नाव लिहीत नाही.

आई संध्याकाळी पाच वाजले की पर्स शोधायला लागते आणि 'मुलं शाळेतून येतील, मला जाऊ द्या' म्हणते. तिथल्या मुली आधी समजावतात, 'आजी, तुमची मुलं मोठी झाली.' मग परत, मग आवाज चढवून. मग दार लावून घेतात. एकदा त्यांनी मला सांगितलं, 'तुमच्या आई फार हट्टी आहेत, आम्ही दहा वेळा सांगितलं.' दहा वेळा सांगून न समजणं हाच आजार आहे हे त्या पोरीला कोणी सांगितलेलंच नव्हतं. तिच्यावर मी चिडू तरी किती? एकोणीस-वीसची होती.

मग बदलीवर आलेली एक जण आईला म्हणाली, 'मुलं आज उशिरा येणारेत, तोवर त्यांच्यासाठी शेंगा सोलून ठेवूया का?' आई अर्धा तास शेंगा सोलत बसली. तिला हे कोणी शिकवलं माहीत नाही. तेच बाकीच्यांना शिकवता येईल का, हा माझा प्रश्न.

मेलबर्नकर
येईल, आणि फुकटात. टास्मानिया विद्यापीठाच्या विकिंग सेंटरचा 'अंडरस्टँडिंग डिमेन्शिया' हा ऑनलाइन अभ्यासक्रम जगात कोणालाही मोफत आहे. इंग्रजीत आहे, म्हणून मावशींना थेट उपयोग नाही. पण मंजिरीताई, तुम्ही करा आणि मराठीत उतरवून रोज थोडं थोडं सांगा. मी इथे सर्टिफिकेट थ्री (या कामाचं प्रमाणपत्र) करून एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धसेवेत आहे. मेंदूचा कुठला भाग गेला की माणूस असा का वागतो हे मला सर्टिफिकेटपेक्षा त्या अभ्यासक्रमातून जास्त कळलं.

सिस्टरनी न्यूझीलंडचं लिहिलं म्हणून इकडचंही थोडं. ऑस्ट्रेलियात २०१८ ते २०२१ रॉयल कमिशन बसलं होतं, वृद्धसेवेतल्या हेळसांडीवर. १४८ शिफारशी निघाल्या. त्यानंतर जुलै २०२३ पासून नर्सिंग होममध्ये चोवीस तास नोंदणीकृत नर्स सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२४ पासून दर रहिवाशामागे रोज सरासरी २१५ मिनिटांची काळजी, त्यातली ४४ नर्सची, असा नियम आला. हे सांगायचं कारण: कमिशनपुढे सगळे ट्रेनिंग-ट्रेनिंग करत होते, पण दोघींत बारा पेशंट असतील तर शेंगा सोलायला बसायला वेळ कोणाला आहे? काटेकोर, हे तुमच्यावर नाही, पण आकडा तुमचाच वापरला.

काटेकोर
वापरा. आकडा खरा आहे. नियम माझ्यावरही लावा, पण मग सगळ्यांवर लावा. रस्त्यापलीकडे एकाने बंगला भाड्याने घेऊन वीस म्हातारे ठेवलेत, एक बाई आणि एक वॉचमन. नातेवाईक त्याचे दर मला वाचून दाखवतात.

फिजिओंचा कंबरदुखीचा मुद्दा मात्र डोक्यात बसला. रजेचे अर्ज काढून बघतो.

निवृत्त_कामगार_अधिकारी
काटेकोरांच्या 'सगळ्यांवर लावा' वर. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये राज्यांनी जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारावा असं आहे. सेवकांना किती तास शिकवावं याबद्दल कायद्यात अवाक्षर नाही. २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात केंद्रांची नोंदणी आणि किमान मानकं यांची तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेलं, तिचा अहवाल आला, पुढे मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर आपोआप रद्द (व्यपगत) झालं. म्हणजे रस्त्यापलीकडच्या बंगल्याला सध्या विचारणारं फारसं कोणी नाही. एखाद्या ज्येष्ठाची हेळसांड दिसली तर १४५६७ ही एल्डरलाइन आहे, ती वापरा.

मॅडम, व्यवस्थापक म्हणून तुमच्या अभ्यासात दोन कोरड्या गोष्टी घाला. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती बंधनकारक आहे. वृद्धाश्रमात हा विषय नाजूक आहे. डिमेन्शियाचे काही आजोबा मावशींच्या अंगाला हात लावतात, मावशी लाजेने बोलत नाहीत आणि नोकरी सोडतात. 'आजारी आहेत, सांभाळून घ्या' हे उत्तर पुरेसं नाही. कोणी, कशी, किती जणींनी त्यांची अंघोळ घालायची हे तुम्ही ठरवायचं असतं. दुसरं म्हणजे घटना-नोंदवही. पडणं, चुकीची गोळी, आणि 'थोडक्यात वाचलं' तेही. ज्या वहीत लिहिल्यावर पगार कापला जातो त्या वहीत कोणी लिहीत नाही.

नाईटवाला_मामा
वहीचं साहेबांनी बरोबर लिहिलं. आमच्याकडे वही आहे, कोरी आहे. सगळ्यांना वाटतं इथे काही घडतच नाही.

मॅडम, अजून एक. मॅनेजरने एक नाईट काढावी. सांगून यावं, धाड टाकल्यासारखं नको. रात्री तीन ते पाच बघा. कोणाला दोन माणसं लागतात वळवायला आणि एकच माणूस असतो, तेव्हा तो काय करतो ते बघा. मग ठरवा काय शिकवायचं.

मंजिरी_वाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठक झाली.

विश्वस्तांना मी धाग्यातलं वाचून नाही दाखवलं, खजिनदारांना खुर्चीत बसवलं. (फिजिओ, ते वजनदार आहेत.) आमच्या दोन मावशींनी त्यांना नेहमीसारखं बगलेत धरून उचललं. ते 'अगं अगं' करून ओरडले आणि विषय तिथेच अर्धा संपला. कोल्हापूरहून कोणी येऊ शकेल का ते व्यक्तिगत निरोपात विचारते.

ठरलं ते असं. शिबिर रद्द नाही, पुढे ढकललंय, कारण वक्त्यांना शब्द दिला होता. आमच्याकडे दुपारी दोनला पाळी बदलते. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस पंधरा मिनिटं, पगाराच्या वेळेत. पहिले विषय कूस, उचलणं, भरवणं. भरवण्याचं इथे कोणी लिहिलं नाही, पण नळी नसलेल्यांना आम्ही आडवं ठेवूनच भरवत होतो, ते आमच्या डॉक्टरांनी थांबवलं. आता ताठ बसवून, जेवण झाल्यावर अर्धा तास तसंच ठेवून. घास गिळला का ते बघून मगच पुढचा चमचा. त्यामुळे जेवणाला जवळजवळ दुप्पट वेळ लागतोय आणि स्वयंपाकघर आमच्यावर चिडलंय.

देणगीतला मोठा हिस्सा वेगळ्या गोष्टीला मागितला. आमची एक मावशी आहे, सगळ्यांना तीच शिकवते, हुद्दा काही नाही. तिला 'प्रशिक्षक' म्हणून महिना वाढीव भत्ता. विश्वस्तांपैकी दोघे म्हणाले, देणगी प्रशिक्षणासाठी आहे, पगारासाठी नाही. मी म्हटलं, वक्त्यांचं मानधन मग काय आहे? अजून निर्णय नाही. हॅमिल्टनच्या सिस्टरचा लेव्हल आणि पगाराचा मुद्दा लेखी मांडणार आहे.

नाईट पुढच्या आठवड्यात. घरचे हसतायत.

एक अडचण. रात्रपाळीची माणसं दोनच्या पंधरा मिनिटांत येत नाहीत. त्यांचं काय करू?

हॅमिल्टनची_सिस्टर
त्यांना दुपारी बोलावू नका. तुमची 'प्रशिक्षक' मावशी पंधरवड्यातून एकदा नाईटला लावा, पाळी म्हणूनच, जादा नाही. रात्री दहाच्या राउंडला ती त्यांच्याबरोबर फिरेल आणि प्रत्येक बेडपाशी एकेक गोष्ट दाखवेल. फक्त दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी द्या, नाहीतर तीच ब्युरोत जाईल. आणि भत्ता नाकारला तर तिचा हुद्दा तरी कागदावर आणा. पुढच्या वर्षी पैसे मागताना तो कागद उपयोगी पडतो.

लोकल_प्रवासी
मंजिरीताई, डिमेन्शियाचा विषय घ्याल तेव्हा नातेवाईकांना बसू द्याल का? माझी आई तुमच्याकडे नाही, पण मी येईन. आमच्याकडे असं काही होत नाही, आणि आईशी मी तरी कुठे नीट बोलते पाच वाजल्यावर.

मंजिरी_वाई
या की. मेलबर्नकरांचा अभ्यासक्रम माझा अर्धा झालाय, पूर्ण झाला की शनिवारी दुपारी ठेवते आणि इथेच तारीख टाकते. आमच्या आजी-आजोबांच्या मुलामुलींनाही बोलावणार आहे, येतील ते येतील. दोन अटी: मधेच उठून 'आमच्या आईला नाश्त्यात उपमाच का' हे विचारायचं नाही, आणि फोटो काढायचे नाहीत.